झेंडूच्या क्रेटमधले बूट

माझ्या मुलीचे फुटबॉलचे बूट मी दसऱ्याच्या दिवशी झेंडूसोबत वजनावर विकले. आमच्या मखमलाबाद गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

ज्योती तेव्हा बारावीला होती आणि जिल्ह्याच्या संघात मिडफिल्डर होती. मिडफिल्डर म्हणजे काय, हे मी एकदा तिला विचारलं होतं. (चूक माझीच.)

"मधोमध खेळायचं, बाबा. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा."

"मग गोल कोण करतं?"

"पुढच्या."

"म्हणजे तू अडत्या."

"अडत्या बसून कमिशन खातो. मी पळून पळून लाथा खाते."

मला काही ते पटलं नाही. चार वर्षं खेळतेय आणि गोल दुसऱ्याच पोरी करतात! मी जाहीर करून टाकलं, "यंदा राज्याच्या संघात निवड झाली नाही, तर फुटबॉल बंद. स्थळं बघायला घेऊ." ज्योती जेवण अर्धं टाकून उठली.

निवड चाचणी नेमकी दसऱ्याच्या सकाळी निघाली. (ज्याने हा दिवस काढला, त्याच्या घरी श्रीखंड करत नसावेत.) आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे पोटापाण्याच्या अवजारांची पूजा असते. शेडमध्ये मी फवारणीचा पंप, खुरपी, विळे मांडले. ज्योतीने हळूच आपले बूट आणून शेजारी ठेवले.

"हे कसलं अवजार?" मी विचारलं.

"माझं," ती म्हणाली.

मी विरघळलो. बुटांना हळद-कुंकू वाहिलं आणि जमिनीवर नकोत म्हणून बाजाराला अर्धे भरून ठेवलेल्या क्रेटांतल्या फुलांवर मानाने बसवले. एक या क्रेटमध्ये, एक त्या. (जोडी का फोडली, हे बायको अजून विचारते.) संध्याकाळी लोडशेडिंग. उरलेली फुलं मी अंधारातच क्रेटांत ओतली आणि पहाटे सगळा माल शेजाऱ्याच्या टेम्पोत चढवला.

सातच्या सुमारास फुलबाजारात ज्योती लुनावरून आली. अंगात जर्सी, पायात मोजे, त्यावर आईच्या चपला.

"बाबा, बूट?"

"पूजेत आहेत की."

"पूजेत पंप आहे. बूट नाहीत."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण क्रेट कुठे होते? हार करणाऱ्या मालनबाईंनी सहाच्या सहा नेले होते.

ज्योती अगदी हळू म्हणाली, "मुद्दाम नाही ना केलंत?"

पोरीला बापाबद्दल असं वाटावं, इतकी नाकं मुरडली होती मी तिच्या खेळाला. मी तडक मालनबाईंच्या गाळ्याकडे पळालो. तिथे त्यांच्या हातात एक बूट होता आणि भोवती दहा-बारा माणसं.

"आले का भाऊ," त्या म्हणाल्या. "वीस वर्सं फुलं घेते. वली पाहिली, शिळी पाहिली. वजन वाढवायला फुलात बूट घालनारे तुमीच पयले."

"अहो, तो मुलीचा आहे."

"मंग पोरीला बी इकनार व्हते का?"

लोक हसले. खुलासा म्हणून मी सांगितलं, बूट पूजेतला आहे. तर जास्तच हसले.

ज्योती पुढे झाली. "आजी, माझा आहे. नऊला चाचणी आहे. निवड नाही झाली तर बाबा लग्न लावणार आहेत."

मालनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वजनाचा आरोप परवडला. मग तो बूट ज्योतीला देऊन, हार तसेच टाकून, दसऱ्याच्या ऐन धंद्यात, त्यांनी राहिलेले पाच क्रेट एकेक करून पालथे घातले. दुसरा बूट शेवटच्या क्रेटमध्ये निघाला.

"जा पोरी. आनि भाऊ, तुमी बी जा. येकदा बघा तरी, पोर काय करती ते."

लुनावर मागे बसूनच ज्योतीने नाड्या बांधल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच मी मैदानावर उभा राहून तिचा खेळ पाहत होतो. पळताना बुटांतून पाकळ्या गळत होत्या. चेंडू फिरून फिरून तिच्याकडेच यायचा. ती मान वर करायची, कोण मोकळी आहे ते बघायची आणि अलगद देऊन टाकायची. दोन गोल झाले, दोन्ही तिने दिलेल्या चेंडूंवर. एकदा जोरात आपटली, गुडघा झटकून लगेच उठली. मला रडू आलं. तरीही मी ओरडलोच, "अगं, एखादा स्वतःसाठी ठेव की!"

यादीत पहिलं नाव तिचं लागलं. पुढे ती राज्याकडून खेळली, खेळावरच नोकरी लागली, दहा-अकरा वर्षं देशभर मधोमध पळून लाथा खाल्ल्या. स्थळांचं मी पुन्हा तोंडातून काढलं नाही.

मालनबाई मात्र दर दसऱ्याला माझा क्रेट काट्यावर घेण्याआधी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपतात. एकदा मी म्हणालो, "आता ती खेळायची थांबली हो. तिचे बूट खुंटीला आहेत."

"पोरीचा भरवसा हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या चपला कुठं हायत, ते दावा आदी."

तेव्हापासून काट्यापाशी गेलो, की मी मुकाट्याने एकेक पाय उचलून दाखवतो.