कोलशेतची डिस्क आणि माझं खोडलेलं मत

गेल्या शनिवारी खाडीकाठच्या कोलशेतला एका कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायला गेलेले. तासाभराचं काम होतं. परत आले तेव्हा महिनाभर ठामपणे लिहीत असलेलं एक मत अर्धं खोडावं लागलं...

आधी ते मत सांगते. लिनक्स मशीनवर चढवणारा जो प्रोग्राम असतो, इन्स्टॉलर, तो काही डिस्ट्रिब्यूशन्स, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बनवणारे गट, आता नव्याने लिहितायत. वेब पेजसारखा, ब्राउझरमध्ये चालणारा. मी वापरते त्या डिस्ट्रिब्यूशनच्या फोरमवर 'असा नवा बनवावा का' यावर चर्चा चालू आहे, आणि मी स्पष्ट 'नको' म्हटलं होतं.

कारणं सरळ होती. डिस्कवर फाइल्स उतरवायला अख्खा ब्राउझर मेमरीत कशाला? जुना इन्स्टॉलर दिसायला ओबडधोबड आहे, पण त्यातले बग्स वर्षानुवर्षं वेचून काढलेले आहेत... नव्यात सगळे पुन्हा पहिल्यापासून.

तर कोलशेत. तिथे मासेविक्रेत्या बायकांची एक संस्था आहे, तिचं ऑफिस हिरामावशी सांभाळतात. माझ्या ऑफिसजवळच्या बाजारात मी त्यांच्याकडून मासे घेते, ओळख तेवढीच. संस्थेच्या कॉम्प्युटरमधलं विंडोज बंद पडलं, आणि मी कॉम्प्युटरचं काम करते हे त्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी मला बोलावलेलं.

आत दोन डिस्क होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या. एकीवर बंद पडलेलं विंडोज, आणि दुसरीवर सगळ्या बायकांच्या बाजारातल्या जागांचे स्कॅन केलेले कागद.

मूळ कागद आता नाहीत. एका मोठ्या भरतीला ऑफिसात पाणी शिरलं, त्यात त्यांचा लगदा झाला. नव्या बाजारात जागा मिळायची तर मंगळवारी पालिकेत हे स्कॅनच द्यायचे होते... दुसरा पुरावा कोणाकडेच नव्हता.

माझ्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून पाहिलं. कागद शाबूत होते. कागदांच्या डिस्कचं नाव दिसत होतं एसडीबी, विंडोजच्या डिस्कचं एसडीए. लक्षात ठेवलं.

कॉपी करून घ्यायला जी डिस्क आणणार होते ती डोंबिवलीला घरीच राहिलेली. कागदांच्या डिस्कला आपण हात लावणारच नाही, असं म्हणून पुढे गेले. ही चूक होती. कारण देत नाही.

मग मॉनिटर. खालचा अर्धा भाग पूर्ण काळा. जुन्या इन्स्टॉलरची सगळी बटणं बरोबर त्या काळोखात... आणि न बघता डिस्क निवडणं मी करत नाही.

बॅगेत दुसरा पेन ड्राइव्ह होता, त्यावर तोच नवा वेबवाला इन्स्टॉलर. दोष शोधायला म्हणून बाळगलेला. त्याचं एक बरं आहे, त्याच वायफायवरच्या दुसऱ्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमधून तो चालवता येतो. मशीन पुन्हा सुरू केलं. मेमरी कमी, त्यामुळे चांगलंच रखडलं, पण शेवटी स्क्रीनच्या वरच्या भागात पत्ता आणि पासवर्ड आला.

आता माझा फोन ऑफिसच्या वायफायला जोडायचा, तर त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. हिरामावशींचा फोन मात्र आधीच जोडलेला.

"मावशी, फोन द्या जरा."

"फोन मी कुनाला देत नाय गो. तू सांग, मी दाबते."

फोन त्यांच्या हातात, अक्षरं मोठ्ठी केलेली, भाषा मराठी. पान आपोआप मराठीतच उघडलं. मी समोर खुर्चीवर बसून तोंडी सांगत होते. डिस्क निवडायची वेळ आली, मी म्हटलं, "एसडीए. मग पुढे दाबा."

त्यांनी दाबलं नाही.

"थांब गो बाय. हितं लिवलंय, या डिस्कवरची सगळी माहिती पुसली जाईल."

"हो, विंडोज जाणार. दाबा."

"विंडोज कुठं लिवलंय? खाली नाव हाय 'बाजार कागद'. ते मीच दिलेलं. आमचं कागद पुसतेस काय?"

मी उठून बघितलं. त्यांचं बरोबर होतं... मशीन पुन्हा सुरू केलं की एसडीए आणि एसडीबी या नावांची अदलाबदल होऊ शकते. कंपनीत नव्या लोकांना हे मीच शिकवते. नावावर जाऊ नका, आत काय आहे ते बघा, असं दर बॅचला सांगते.

मशीन बंद केलं, झाकण उघडलं आणि कागदांच्या डिस्कची केबलच उपटून ठेवली. मग उरलेल्या एकमेव डिस्कवर लिनक्स टाकलं. हिरामावशी म्हणाल्या, "आता कसं, चुकायलाच जागा नाय." हे मी तासभर आधी करायला हवं होतं.

घरून डिस्क आणून रविवारी सगळ्या कागदांच्या दोन कॉपी केल्या. मंगळवारी कागद दिले गेले.

फोरमवर जाऊन माझं जुनं उत्तर दुरुस्त केलंय. मेमरीबद्दलचा आक्षेप कायम आहे, जुन्या मशीनवर चाचणी झाल्याशिवाय नवा इन्स्टॉलर बाहेर पडू नये, आणि ती चाचणी मी करणार आहे. पण 'नको' हा शब्द काढला. मशीन ज्यांचं आहे त्यांना त्यांच्या फोनवर, त्यांच्या भाषेत, काय पुसलं जाणार ते वाचता येत असेल, तर असा इन्स्टॉलर बनवायलाच हवा.

मराठी भाषांतर अर्धवट आहे. आमच्या नशिबाने ती एक ओळ कोणीतरी आधीच करून ठेवलेली... कोण ते माहीत नाही, त्या माणसाचे आभार. उरलेल्या ओळी मी घेतल्यात.

रोज रात्री वीस ओळी करते आणि हिरामावशींना पाठवते. कालच्या वीसपैकी सात परत आल्या, 'कुनाला कळनार नाय' असं ऐकवून. त्या आज पुन्हा लिहितेय.