वळण सांगणारी

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी दहा. खरड गावाच्या पुढचं पडीक रान. हजर: काका, पाजी, मी. धुकं उठलेलं. वारा नाही.

एवढं त्या दिवशी वहीत लिहिलं होतं, विमान पडायच्या आधी. पुढचं लिहायचं त्राण राहिलं नव्हतं. आज लिहिते.

काका मूळचे साताऱ्याचे. हवाई दलातून निवृत्त झाले आणि इथे उत्तरेतच राहिले. रिमोटवरची विमानं उडवायला त्यांनीच मला शिकवलं. पाजी म्हणजे आमचे पंजाबी मित्र; त्यांचं सेक्टर २२ मध्ये मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. आमची इंजिनं तेच उघडतात. मी सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत भांडार सांभाळते, त्यामुळे काय आणायचं याच्या याद्या माझ्या गळ्यात.

वेगाचं विमान निवडताना लोक उलटीकडून सुरुवात करतात. आधी मोठं इंजिन आणतात, मग त्याला बसेल असा सांगाडा शोधत फिरतात. काकांचा नियम वेगळा: आधी पंख बघायचा. पातळ पंखाचं विमान पळतं, पण उतरतंही पळतच. जाड पंखाला केवढंही इंजिन लावा, ते नुसतं ओरडतं आणि इंधन पितं. हे ठरलं की मग इंजिन.

असं विमान आम्ही दोघं मिळून उडवतो. रानाच्या दोन टोकांना दोन खांब, त्यांच्याभोवती फेऱ्या. उडवणाऱ्याची नजर विमानावर, शेजारी उभ्या राहिलेल्याची खांबावर. विमान खांबापाशी पोचलं की शेजारच्यानं म्हणायचं, "वळा." काकांच्या शेजारी गेली सहा वर्षं मी उभी राहते.

तिसऱ्या फेरीला मला ठसका लागला. शब्द फुटेना. विमान खांबावरून सरळ पुढे गेलं. एक सेकंद, दोन, तीन. विमान दिसत असलेला माणूस एवढा वेळ थांबत नाही, स्वतःच वळवतो. पायवाटेवरून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन येत होती. विमान तिच्या पुढ्यातून तिरकं खाली गेलं आणि गव्हात घुसलं. मध्ये दहा पावलांचं अंतर असेल.

काका अजून खांबाच्या वर, रिकाम्या आभाळात बघत होते.

"कुठे गेलं गं?"

मी बोटानं दाखवलं. मग काका म्हणाले, "सिग्नल गेला."

"सिग्नल-विग्नल कुछ नहीं जी," पाजी गव्हाकडे पळता पळता ओरडले. "मैंने पहले ही बोला था, इंजन तगड़ा है, बॉडी बेचारी क्या करे!"

"तू मिक्सर दुरुस्त कर," काका मराठीतच म्हणाले. पाजींना तेवढं मराठी कळतं.

भारा घेतलेल्या बाईची मी माफी मागितली. ती भारा सावरून निघून गेली. गव्हात बसून मी काकांकडून आणलेल्या रिमोटची काडी हलवली. पंख तुटला होता, पण शेपटीची पट्टी हलली. पुन्हा हलवली, पुन्हा हलली. सिग्नल शाबूत होता. पाजींनी ते पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं आणि स्क्रू वेचायला लागले.

परतताना गाडीत काका खुशीत होते. "यादी कर. पंख याहून पातळ. इंजिन एक नंबर वरचं."

"जरा हळू उडणारं बघू या का, काका?"

"हळू? मग पतंगच आण की."

त्या आठवड्यात यादी केली. तीन सांगाडे, दोन इंजिनं. फायबरचा सर्वांत वेगवान, पण एकदा आपटला की संपला. बाल्सा लाकडाचा ठिगळं लावून चालवता येतो. फोमचा मंद, हलका. कुणाच्या अंगावर पडला तर निदान जीव घेणार नाही. आजवर हा विचार मी कधी यादीत धरला नव्हता.

मी काकांना फोन केला. "फोमचा एक बघितलाय. भडक नारिंगी."

"नारिंगी कशाला?"

"लांबून दिसतो."

काका म्हणाले, "अगं, तू सांगतेस ना. तेवढं पुरतं मला."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर नुसती बसून राहिले. ते विमान उडवतात आणि मी मदत करते, अशी माझी समजूत होती. पण त्यांना विमान नीट दिसतच नव्हतं; दर रविवारी दोन किलोचं ते विमान माझ्या घशावर उडत होतं. मागच्या किती हिवाळ्यांपासून, कोण जाणे. आणि काकांचा सगळा आठवडा त्या एका सकाळसाठी असतो. सोमवारी इंधन, बुधवारी बॅटऱ्या, शनिवारी दोनदा फोन.

फोमचा सांगाडा ठरलाय. लहान मोटर ठरलीय. पण त्याआधी त्यांना सांगायचंय की वेगाच्या विमानाला मी आता शेजारी उभी राहणार नाही, आणि का ते. वहीत ते पहिल्या क्रमांकावर आहे. खालची सगळी कामं खोडून झाली.

तीन रविवार मी सर्दीचं कारण सांगितलं. आज सकाळी काकांचा फोन आला.

"पातळ पंखाची ऑर्डर टाकलीस का?"

"टाकते," म्हटलं.