खालच्यांचे दहा हजार चारशे

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दहा हजार चारशे रुपये. हजर तिघे: यशवंतमामा, सुमनमामी आणि मी. लोधिवलीच्या घरात मामा खाटेवर उशीला टेकून बसला होता. बोलताना दम लागत होता, म्हणून निम्मं तो हातानेच सांगत होता. "खालच्यांचे राहिले रं, अरुण..." सहा वर्षांत हे तो कितव्यांदा म्हणाला ते मी मोजलेलं नाही. माझं उत्तरही ठरलेलं होतं. ती कंपनी बंद पडली, जहाज विकलं गेलं, आता पैसे द्यायचे कुणाला? मामाने हातानेच नाही म्हटलं. "जहाज विकलं... मानसं नाय विकली कोनी." मामी म्हणाली, "आता गप पडा बगू. तो दील." मी देईन असं म्हणालो नाही, बघतो म्हणालो. त्यानंतर दहाव्या दिवशी रसायनीला कारखान्याच्या स्टोअरमध्ये ड्रम मोजत असताना मामीचा फोन आला. मामा एकाहत्तर वर्षांचा होता.

हे पैसे कशाचे ते सांगायचं तर आधी मामाची नोकरी सांगावी लागेल. मामा प्रवासी जहाजांवर होता. समुद्रातून सुट्टी घालवायला निघणाऱ्या लोकांची जी मोठी, पांढरी जहाजं असतात, त्यांवर त्याने एकतीस वर्षं काढली आणि ती सगळी लाँड्रीत काढली. सत्ताविसाव्या वर्षी भातशेती भावाच्या हवाली करून गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी परत आला. मधे दर नऊ-दहा महिन्यांनी दोन महिन्यांची सुट्टी. त्या सुट्टीत आम्ही भाचरं लोधिवलीला जमायचो आणि त्याला विचारायचो, मामा, समुद्र कसा असतो? तो म्हणायचा, "गरम." आम्हाला ती थट्टा वाटायची. लाँड्री जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली असते, तिथे खिडकी नसते आणि वाफेच्या इस्त्र्या दिवसभर चालू असतात, हे मला बरंच नंतर समजलं. मामा अर्धं जग फिरला होता, पण त्यातलं त्याने फार थोडं पाहिलं होतं. बंदरात चार तास सुट्टी मिळाली तर खाली उतरून टेलिफोन बूथ शोधायचा आणि घरी फोन करायचा.

मात्र लोकांच्या सुट्ट्या कशा बदलत गेल्या हे त्याच्याइतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलेलं नाही, कारण त्याचा पुरावा रोज त्याच्या टेबलावर येऊन पडायचा. तो लागला तेव्हा प्रवासी बहुतेक निवृत्त गोरे नवरा-बायको. एक-एक सफर महिना-दीड महिन्याची. रोज संध्याकाळी जेवायला कोट घालून जायचे, त्यामुळे खाली येणाऱ्या ढिगात कडक कॉलरचे शर्ट, खळ घातलेले टेबलक्लॉथ आणि कापडी रुमाल जास्त असायचे. त्या लोकांना मामाने कधी जवळून पाहिलं नाही, पण कोण काय सांडतं ते त्याला माहीत होतं. पुढे जहाजं मोठी होत गेली आणि सफरी लहान. दीड महिन्याचा आठवडा झाला. पोहण्याचे तलाव आले, घसरगुंड्या आल्या, पोरंबाळं घेऊन कुटुंबं यायला लागली. शर्ट कमी झाले आणि टॉवेल वाढले. "पयले डाग वाइनचे," मामा सांगायचा, "मंग आईस्क्रीमचे. शेवटी शेवटी तर मानसं हाफ पँटीवर जेवाया बसायची. रुमाल कागदाचा झाला, तवा मी म्हनलो, चला, आता आपलं वय झालं." हे सांगताना तो हळहळत नसे. कागदी रुमालाला इस्त्री लागत नाही, एवढंच त्याचं म्हणणं असे.

सहा वर्षांपूर्वी मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या जहाजाच्या जाहिराती कर्जतपर्यंत पोहोचल्या. तीन रात्री, माणशी अठरा हजार, खाणंपिणं त्यातच. आमच्या सोसायटीतल्या चार जोडप्यांनी ठरवलं, पाचवे आम्ही. मी मामा-मामीचे पैसे भरले. नोकरीत ज्याने लोकांच्या चादरी धुतल्या, त्याने एकदा त्या चादरीवर झोपावं, असं मला मनापासून वाटत होतं. असे एकूण बारा. हिशेब अर्थात माझ्याकडे.

जहाजावर मामाने वर्णन केलेलं काहीच नव्हतं. डेकवर गरबा होता, पावभाजीचा काउंटर होता, जैन जेवणाची वेगळी रांग होती, आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारे लोक होते. मामा पहिल्या दिवशी चार तास कठड्याला धरून उभा होता. मामी दोनदा बोलवायला गेली. "अवं, चला की, गुलाबजाम संपतील," ती म्हणाली. "संपूं दे गं. हे मी पयल्यांदाच बगतोय," मामा म्हणाला. त्याच्या धरून आमच्या सहाही केबिनची व्यवस्था आग्नेलो नावाच्या पंचेचाळिशीच्या गोवेकराकडे होती. त्याने पहिल्या संध्याकाळी टॉवेलचा हंस करून पलंगावर ठेवला. मामीला तो फार आवडला. मामाने तो उलगडून पुन्हा घडी घातली. "यवडं हाताळलं की धुवाया टाकावा लागतो," तो म्हणाला. तीन दिवस दोघांनी मिळून एकच टॉवेल वापरला आणि रोज सकाळी बाल्कनीत वाळत घातला. आग्नेलो बदलायला आला की मामा म्हणायचा, "नको रं बाबा, सुका हाय." दुसऱ्या दिवशी त्याने आग्नेलोला विचारलं, लाँड्री बघायला मिळेल का? मिळाली नाही. प्रवाशांना खाली जायची परवानगी नसते.

शेवटच्या संध्याकाळी खोल्यांची बिलं आली आणि मी ती नेहमीप्रमाणे ओळीओळीने तपासली. दर माणशी, दर रात्री चारशे रुपये सेवाशुल्क लावलेलं होतं. बारा माणसं, तीन रात्री, चौदा हजार चारशे. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे ऐच्छिक आहे. मला मामाच्या गोष्टी आठवल्या. त्याच्या सुरुवातीच्या काळात सफर संपताना प्रवासी आपल्या खोलीवाल्याला आणि वाढप्याला हातात पाकीट देत, नाव घेऊन आभार मानत. मला ती रीत चांगली वाटायची. मी काउंटरवर गेलो, फॉर्म भरला, सहाही खोल्यांचं शुल्क काढून टाकलं. मग दोन हजारांचं पाकीट आग्नेलोला दिलं, दोन हजारांचं आमच्या टेबलवाल्याला. दोघांनीही वाकून आभार मानले. दहा हजार चारशे वाचले. खरं सांगायचं तर मला रीत आणि बचत दोन्हींचा आनंद झाला होता, आणि त्यात जास्त कशाचा, ते मी तेव्हा तपासलं नाही.

परतीच्या मिनीबसमध्ये पनवेल सोडल्यावर मी पैसे वाटले. माणशी आठशे सहासष्ट, वर आठ रुपये उरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीच्या सेक्रेटरी वहिनी म्हणाल्या, "अरुण भावजींना अर्थमंत्री करा रे कुणीतरी!" मामाने हातातल्या नोटा पाहिल्या. "हे कशाचं?"

मी सांगितलं. "तुझ्यामुळेच सुचलं मामा. ते परस्पर कापत होते. आपण पाकिटं दिली, तुझ्या वेळेसारखी."

"कोनाला?"

"आग्नेलोला. आणि त्या वाढणाऱ्याला."

"आनि खालच्यांना?"

"खाली कोण?"

"मी होतो ना रं... एकतीस वर्षं."

बस हसत होती म्हणून हे फारसं कुणाला ऐकू गेलं नाही. सेक्रेटरी वहिनींचे मिस्टर मागून म्हणाले, "मामा, आता खाली काय नि वर काय, बोटीवरून उतरलो ना आपण!" मामाने आपले आणि मामीचे मिळून सतराशे बत्तीस रुपये माझ्या शर्टाच्या खिशात घातले आणि लोधिवलीच्या फाट्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. त्या पैशांचं मी पुढे काय केलं ते आठवत नाही. मिनीबसवाल्याच्या भाड्यात गेले असावेत.

महिन्याभराने त्याने मला समोर बसवून नीट समजावलं. पाकिटांची रीत मला वाटत होती तशी नव्हती. पाकीट मिळायचं ते दिसणाऱ्याला. खोलीवाला दिसतो, वाढपी दिसतो. चादर धुणारा दिसत नाही, भांडी घासणारा दिसत नाही. एकवीस वर्षं मामाला एकही पाकीट मिळालं नाही. एखादा खोलीवाला दिलदार निघाला तर बिअरचा एक डबा आणून द्यायचा, तेही कपडे लवकर मिळावेत म्हणून. शेवटच्या दहा वर्षांत कंपन्यांनी माणशी रक्कम बिलातच धरायला सुरुवात केली आणि ती वर-खाली सगळ्यांत वाटली जाऊ लागली. पहिल्या महिन्याला मुकादमाने लाँड्रीतल्यांना बोलावून पैसे हातात ठेवले, तेव्हा मामाला वाटलं चुकून दिले. त्याने परत करायला हात पुढे केला होता. "ह्या घरावरचा स्लॅब त्या पैशांचा हाय," तो म्हणाला. "पाकिटांचा नाय."

मी वाद घातला. शुल्क ऐच्छिक होतं, तसं छापलेलं होतं. पगार नीट देणं हे कंपनीचं काम, प्रवाशाचं नाही. मामाने हे मान्य केलं. "तुजं खरं हाय. कंपनीनं द्यावा. पन तू कंपनीचे काय कापलेस?" मी विषय पुढे ढकलला. पुढे साथ आली, जहाजं बंद झाली, ती कंपनीही गेली. मला, प्रामाणिकपणे लिहायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. मामाला वाटलं नाही. आमचं येणंजाणं, सणवार, भाताची पोती, सगळं पूर्वीसारखंच चालू राहिलं. फक्त माझ्या हिशेबीपणाचं कौतुक करणं त्याने बंद केलं. पूर्वी तो चारचौघांत म्हणायचा, "आमच्या अरुणचा आकडा कधी चुकायचा नाय." गेल्या सहा वर्षांत ते वाक्य मी ऐकलं नाही.

तेरावं झाल्यावर मामीकडून मामाची फोनची वही घेतली. त्यात जुन्या जहाजवाल्यांचे नंबर होते. कोणी वारलेले, कोणी बदललेले. बाविसाव्या फोनवर कळलं की त्या गोव्याच्या जहाजावर लाँड्रीत काम केलेला एक जण उरणला असतो, नाव नारायण. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी दहा हजार चारशे रुपये घेऊन गेलो. सोसायटीतल्या कुणाकडे वर्गणी मागितली नाही, कारण फॉर्मवर सही माझी एकट्याची होती.

नारायण पन्नाशीचा माणूस, बाजारात इस्त्रीचं छोटं दुकान. मी सगळं सांगत होतो तेव्हा तो एक चादर घडी करत होता. आधी लांबीत तीन पट, मग कोपरा आत दाबून आडवे दोन. मामीच्या कपाटातल्या चादरी मामाने अशाच घड्या घालून ठेवल्या आहेत, अजून कुणी मोडलेल्या नाहीत. आमची सफर नारायणला आठवत नव्हती. आठवड्याला दोन फेऱ्या, कोणती म्हणून आठवणार. यशवंत लाँड्रीवाला हे नाव मात्र त्याने ऐकलं होतं. त्याने पैसे मोजले, आठशे रुपये गल्ल्यात टाकले आणि उरलेले माझ्यासमोर ठेवले.

"हे माझे नाहीत," तो म्हणाला. "लाँड्रीत आठ होतो, भांड्यांवर पाच. तेरा झाले की नाही? तुम्ही तर हिशेबवाले दिसता."

मग त्याने वर्तमानपत्राच्या कागदावर पेन्सिलीने बारा जणांची यादी करून दिली आणि जुन्या सहकाऱ्यांना फोन लावून मिळतील तेवढे नंबर मिळवले. त्यातले चार मणिपूरचे, तीन गोव्याचे, बाकी कुठले कुठले. त्यानंतर तीन आठवडे रोज कारखान्यातून घरी आल्यावर मी एक-दोन फोन करत होतो. बहुतेकांना आधी ही फसवणूक वाटली. एकाने मला शिव्या दिल्या, खाते क्रमांक मागतोस काय म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी नारायणशी बोलून स्वतः फोन केला. एक जण वारला होता. त्याच्या बायकोने पैसे कशाचे ते दोनदा समजून घेतलं आणि मग फक्त विचारलं, तेरात वाटलेत ना?

परवा मामीला सांगायला लोधिवलीला गेलो. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. "दिलेस सगले?" तिने विचारलं. नाही म्हणालो. नारायण धरून बारा जणांना मिळून नऊ हजार सहाशे दिले आहेत. तेराव्याचं नाव नारायणला आठवलं नाही, इतर कुणालाही आठवलं नाही. यादीत त्याच्या जागी "भांड्यांवरचा उंच" एवढंच लिहिलं आहे. त्याचे आठशे माझ्याकडे आहेत.