कडबाकुट्टीची भरती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढचं ऐकून तुम्हाला माझी कीव येईल, आणि कीव मला सोसत नाही.

लढाईचे दिवस. मी पुण्यात इंजिनिअरिंग शिकून तिथेच आमच्या सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो होतो. सर नुकतेच विलायतेहून परतलेले. येताना तिकडून एकच वाक्य घेऊन आले होते. "यंत्र माणसाच्या मापाचं हवं!" असं टेबलावर मूठ आपटून म्हणायचे. ते टेबल इतकं उंच, की लिहायला बसले की सरांचे खांदे कानाला लागायचे. पण ते बघायला संशोधकांना वेळ कुठला?

विषय ठरला कडबाकुट्टी. गुरांसाठी कडबा बारीक करायचं, हाताने फिरवायचं चाक हो! सर म्हणाले, "खेड्यात जा. माणसं मोजा. त्यांच्या गरजा ओळखा." मी टेप आणि वही घेऊन साताऱ्याकडच्या एका गावात उतरलो. गरजा ओळखायला मला चार दिवस पुरतील असा माझा हिशेब. काय ती घमेंड!

पाटलांनी चावडीपुढं माणसं गोळा केली. मी उंची, छाती, हाताची लांबी मोजायला लागलो. आता तुम्हीच सांगा, ज्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, तिथं ऐन लढाईत हॅटवाला साहेब येऊन छात्या मोजू लागला, तर लोकांना काय कडबा आठवेल?

मला मात्र पत्ताच नाही. मी खूश! केवढी ही संशोधनाची आवड!

सगळ्यांत पुढं ज्ञानू. पंचविशीतला गडी. उंची कमी पडते म्हणून भरतीतून दोनदा परत आलेला, हे मला फार उशिरा कळलं.

"सायेब, छाती किती लागती?"

"असेल तेवढी चालेल."

ज्ञानू पाटलांकडं वळला. "बगा! आता लय सवलत दिल्या सरकारनं!"

मी मान डोलावली. सरकार कुठून आलं, हे विचारायला नको होतं का मी?

"मग न्हेनार कवा?"

"यंत्र तयार झालं की सांगलीला या. शेतकी प्रदर्शनात."

"आई येतू म्हनली पोचवाय, तर चालंल न्हवं?"

"अवश्य आणा!"

गड्याने श्वास असा भरून घेतला, की डोळे बाहेर आले. त्याच्यामागं सगळं गाव तसंच. माझ्या वहीप्रमाणे त्या गावात पावणेसहा फुटांच्या आत माणूसच नव्हता! धोतराखाली सगळ्यांनी टाचा उचलल्या होत्या, ते काही संशोधनाला दिसलं नाही. आकडे बघून सर गहिवरले. "काय बांधा! वा!" लगेच त्या मापाचं यंत्र तयार झालं.

प्रदर्शन भरलं सांगलीत, कृष्णेच्या काठी. हळदीचे, गुळाचे बडे व्यापारी पुढच्या खुर्च्यांवर. मधोमध आमचं यंत्र, वर खाकी ताडपत्री. आणि आली की आमची मंडळी! पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, कपाळाला कुंकू. ज्ञानूची आई हौसाबाई दशम्यांचं गाठोडं घेऊन. डोळे रडून सुजलेले.

ज्ञानू ताडपत्रीकडं बघत माझ्या कानाशी लागला. "सायेब, तोफ हाय व्हय?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात सरांनी ताडपत्री ओढली.

"आरं तिच्या!" ज्ञानू ओरडला. "ही तर कडबाकुट्टी! सायेब, बोट कवा निगनार?"

"कसली बोट?" सरांनी मला विचारलं.

छाती, सवलत, लढाईवर नेणारी बोट, सगळं आत्ता कुठं माझ्या डोक्यात शिरलं. मी कसंबसं म्हणालो, "ज्ञानू, ही भरती नव्हती रे. हे संशोधन होतं."

त्याचा चेहरा बघवेना. खरं सांगतो, तेवढी एक गोष्ट मला अजून लागते. मग तो उसळला. "म्हंजी टाचा उचलून उचलून पायाला गोळं आलं, ते ह्या कुट्टीपायी?"

"टाचा?" सर म्हणाले. पुढच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. सरांनी घाईघाईने विषय बदलला. "बरं, या, यंत्र चालवून दाखवा."

"आमी? आवं, आमच्यात कडबा बाया तोडत्यात!"

सर माझ्याकडं वळले. "बायकांची मापं?"

मी वही चाळली. जणू काही ती आपोआप उगवणार होती! "घेतली नाहीत, सर."

हौसाबाई मात्र खुलल्या होत्या. पोरगं लढाईवर जात नाही म्हणताच त्यांनी पदर खोचला. "सरा बाजूला. बगू तरी काय केलंया." दांडा धरला, फिरवला. दांडा वर गेला आणि त्याच्याबरोबर हौसाबाईही! मातीपासून वीतभर वर लोंबकळत म्हणाल्या, "सायेब, हे कडबा तोडायचं हाय, का फाशी द्यायचं?"

अख्खा मांडव हसला. सर चष्मा पुसत दिसेनासे झाले.

आता दांडा पुरणार कोणाला? माझी उंची पावणेसहा फूट. साऱ्या मांडवात त्या मापाचा मी एकटा! हौसाबाईंनी कोट काढायला लावला आणि मला कुट्टीला जुंपलं. तीन दिवस प्रदर्शनातल्या झाडून सगळ्या बैलांचा कडबा मी तोडला, आणि त्या शेजारी बसून पेंढ्या सारत होत्या.

शेवटच्या दिवशी तासगावकडचा एक शेतकरी येऊन बराच वेळ बघत उभा राहिला. मग हौसाबाईंना म्हणाला, "मावशी, घेन्याजोगं हाय का?"

हौसाबाईंनी यंत्राकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"यंत्रात काय राम न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "गडी तेवढा न्हे. कामाला बरा हाय."