पहिलं ताट हेमाक्कांचं

कमरीपेठेत हेमावती अक्कांची खानावळ आहे. सगळे त्यांना हेमाक्का म्हणतात. सहा बाकं, एक चूल, एक गॅस. मी बेलूरच्या कारखान्यात ओतकामाला होतो, साचे भरायचो. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या गाडीतून उतरून थेट तिथं जेवायला. बत्तीस वर्षं. आता निवृत्त आहे, तरी दुपारचं जेवण तिथंच.

कामाचं माणूस मला लांबून कळतं. हेमाक्का दिवसाला तीनशे ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या. एकही जाड नाही, एकही फाटलेली नाही. शेवटची पहिलीसारखीच. आमच्याकडे शंभर साच्यांतले चार-पाच मोडायचे आणि आम्ही स्वतःला कारागीर म्हणवायचो.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या टाचेवर काळा डाग आला. चुलीजवळची काजळी असेल म्हणून त्या दगडानं घासत राहिल्या. सात-आठ महिने घासलं. शेवटी चिघळला, तेव्हा दाखवायला गेल्या. त्वचेचा कॅन्सर निघाला. टाचेचा तेवढा भाग कापून काढला, पण तोवर फुप्फुसांत पाच गाठी झाल्या होत्या.

मुलगा ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर. सून मनीषाला खानावळ सोडता येत नव्हती. म्हणून दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध घ्यायचं असे, तेव्हा सोबत मी जायचो. डॉक्टर प्रभंजन समजावून सांगणारे. ते म्हणाले, हे औषध गाठीला थेट मारत नाही. आपल्या रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात, त्यांना गाठ थोपवून धरते. औषध तो अडसर काढतं. पुढचं काम शरीरानं करायचं.

हे मला पटलं. काम कोण करणार ते स्पष्ट झालं.

टाचेची जखम भरून आल्यावर हेमाक्का स्टूल घेऊन पुन्हा चुलीपाशी बसल्या. तीन महिन्यांनी स्कॅन झालं. चार गाठी होत्या तशाच. पाचवी थोडी वाढलेली. डॉक्टरांनी लपवलं नाही. म्हणाले, आणखी तीन महिने हेच औषध देऊ. तोवर उतार पडला नाही तर बंद करावं लागेल, आणि त्यानंतर देण्यासारखं फारसं काही माझ्या हातात नाही.

मग त्यांनी जेवणाचं विचारलं. म्हणाले, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, ते भाज्या-कडधान्यांच्या चोथ्यावर जगतात, आणि त्या पहारेकरी पेशींना तयार ठेवण्यात त्यांचाही हात असतो. ज्यांच्या जेवणात चोथा भरपूर, त्यांना हे औषध जास्त लागू पडतं असं काही अभ्यासांत दिसलंय. पुरावा अजून पुरा नाही, असंही त्यांनी दोनदा सांगितलं.

"काल काय जेवलात?"

हेमाक्का म्हणाल्या, "ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, काकडी, कांद्याची पात, कारळ्याची चटणी."

डॉक्टर खूश. म्हणाले, यात मी सांगण्यासारखं काही उरलंच नाही. आणि कागदावर लिहायला लागले.

मी म्हणालो, "डॉक्टर, हे काल मी जेवलो. ह्यांनी रांधलं."

हेमाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. जेवण म्हटलं की त्यांना चुलीवरचं आठवायचं, स्वतःच्या ताटातलं नाही. खानावळीची रीत अशी की शेवटचं गिऱ्हाईक उठल्याशिवाय घरचं माणूस बसत नाही. ते उठेपर्यंत साडेतीन वाजायचे, भाकऱ्या संपलेल्या असायच्या. मग उरलेला भात आणि सार. सकाळ-संध्याकाळ चहा-टोस्ट. आजारी पडल्यावर भात-सारही सुटलं. आजारी माणसाला भाकरी जड, असं सगळी गल्ली सांगून गेली, येताना ब्रेड, बिस्किटं आणि पेढे घेऊन. बत्तीस वर्षांत त्यांना भाकरी चावताना मी पाहिलं नव्हतं. त्या काय खातात ते मला रोज दिसत होतं. बोललो त्या दिवशी.

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. नवीन सांगितलं: अर्ध्या भाकरीपासून सुरुवात, दर आठवड्याला थोडं वाढवत. मनीषानं मेडिकलमधून चांगल्या जिवाणूंच्या म्हणून कॅप्सूल आणल्या होत्या, त्या बंद. त्यांचा फायदा होतो असं दिसलेलं नाही, उलट तोटा होत असावा अशी शंका आहे. आणि जुलाब लागले तर मनानं गोळी घ्यायची नाही, त्यांना फोन करायचा. ह्या औषधानं आतड्याला सूज येऊ शकते.

पहिल्या दिवशी मनीषानं सासूचं ताट बारा वाजताच वाढलं. हेमाक्कांनी ते एका हमालापुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. गिऱ्हाईक उपाशी बसलंय आणि मी जेवू, हे त्यांच्या हातून होईना.

तिसऱ्या दिवशी मी माझं ताट पालथं घातलं. म्हणालो, अक्कांचं झालं की सुलटं करीन. शेजारी बाजारातला हमाल संतोष होता. त्यानं विचारलं काय भानगड, मी सांगितलं. त्यानंही पालथं घातलं. मग सगळ्या बाकांवर तेच.

हेमाक्का चिडल्या. म्हणाल्या, माझ्याच खानावळीत माझ्याविरुद्ध संप? पण बसल्या. अर्धी भाकरी, वाटीभर उसळ, चार फोडी काकडी. चावायची सवय गेलेली. वीस मिनिटं लागली. वीस माणसं बघत होती.

"अक्का, लौकर चावा. माझी गाडी लागलीय," संतोष म्हणाला.

"हे काय तुझं पोतं आहे? टाकलं आणि पळालं?"

दुसऱ्या आठवड्यात पोट फुगलं. रात्री झोप नाही. त्या मला कानडीत म्हणाल्या, "साकु, अण्णा." म्हणजे पुरे झालं. मी डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी नीट विचारलं, जुलाब नाहीत ना, रक्त नाही ना, आणि सांगितलं की आठवडाभर वाढवू नका, पण सोडूही नका. हेमाक्कांनी सोडलं नाही. तीनशे भाकऱ्या थापणं मी पाहिलं होतं. एक भाकरी खायला त्यांना जास्त कष्ट पडले. एकही दिवस चुकला नाही. सणाला पुरणपोळी झाली, तेव्हाही आधी भाकरी.

तीन महिने भरले. स्कॅन झालं. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. दोन गाठी दिसतच नव्हत्या. दोन निम्म्याहून लहान. वाढलेली पाचवीसुद्धा आकसली होती.

हेमाक्कांनी विचारलं, हे भाकरीनं झालं का?

डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. औषधानं उशिरानं काम धरलं असेल. जेवणानं हात दिला असेल. मी दोन्ही चालू ठेवायला सांगीन."

"म्हणजे औषध बंद नाही?"

"नाही. बंद नाही."

त्या उठल्या. एवढंच म्हणाल्या, चला अण्णा, साडेअकरा झाले.

आम्ही पोचलो तेव्हा बाकं भरली होती. स्कॅनचा दिवस सगळ्यांना माहीत होता. कुणी विचारेना. ताटं मांडलेली, सगळी पालथी. हेमाक्कांनी हात धुतले आणि माझ्या समोरच्या बाकावर बसल्या. मनीषानं वाढलं. तिचं लक्ष सासूच्या तोंडाकडे, उसळ ताटाबाहेर सांडली.

हेमाक्का एक भाकरी जेवल्या. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. मग दुसरी मागितली. तीही संपवली. संतोषनंही घाई केली नाही.

ताट पुसून स्वच्छ झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"दोन गेल्या, तीन सुकल्या," त्या म्हणाल्या. "आता ताटं सुलटी करा. भाकरी गार होतेय."

एकदम वीस ताटं वाजली. कारखान्यात पाळीचा भोंगा झाला की हत्यारं खाली ठेवताना असा आवाज व्हायचा.

आज त्या गोष्टीला चौदा महिने झाले. औषध चालू आहे, गाठी वाढलेल्या नाहीत, एकीचा नुसता वण उरलाय. हेमाक्का दिवसाला दोनशे भाकऱ्या थापतात, शंभर मनीषा. मनीषाच्या अजून थोड्या जाड होतात. आणि पहिलं ताट हेमाक्कांचं. नवं गिऱ्हाईक घाई करायला लागलं की संतोष त्याचं ताट पालथं घालतो.