तात्यांच्या कट्ट्यासमोरून

डबा खाऊन मी नकाशावरच कलंडते. आज ऑफिस सुटायच्या आत साहेबांना महिला स्वच्छतागृहाची जागा सांगायचीय, नाहीतर मंजुरी गेली. जुन्या गावठाणातल्या बायका किती वर्षं ते मागतायत. आता नदीच्या वाटेवर, तात्या नि मंडळी बसतात त्या कट्ट्यालगतची छान मोकळी जागा दिली, तर सगळ्या म्हणतात, नको. का, ते एक सांगेल तर शपथ! डोळे मिटतात तोच समोरच्या खुर्चीत अच्युतमामा.

मामा कादंबरीकार. वारला, पण रुसवा अजून ताजा आहे.

"वैजू, माझी शेवटची कादंबरी वाचलीस?"

"वाचली रे. तुझी गोदाक्का नदीवर निघते आणि साठ पानं नुसती चालतेच आहे."

"टीकाकारही हेच म्हणाले. मरोत लेकाचे!" मग जरा थांबून, "म्हणजे, मेलो मीच."

तो फायलींचं कपाट उघडतो. आत गल्ली आहे, कडेला मिरच्या वाळतायत. आम्ही चालू लागतो. नकाशात ही गल्ली सरळ नदीला जाते, पण आमच्यापुढची बाई पिठाच्या गिरणीमागं वळते आणि चिखल तुडवत लांबचा फेरा घेते.

"गोदाक्का?"

"तीच. सरळ जायचं तर कट्ट्यासमोर बाईनं चपला हातात घ्यायच्या, अशी चाल आहे. ती घेणार नाही. म्हणून साठ पानं."

"अजून? अरे, आता महानगरपालिका आहे!"

"मग तू जा की सरळ. चपला घालून."

मी तोऱ्यात निघते. कोपरा वळते तर कट्ट्याच्या जागी आमच्याच ऑफिसचा जिना, आणि पायऱ्यांवर तात्या नि मंडळी तंबाखू मळत बसलेली. मला पाहून मळणं थांबतं. विचारावंसं वाटतं, काय बघताय? पण लाज वाटते, आणि त्या लाजेचाच भयंकर राग येतो. हात आपोआप पायांकडं जातात.

मागून मामा ओरडतो, "आणि इथं तू बायकांना संडासला पाठवतेस होय गं?"

"मॅडम!"

दारात दौलत शिपाई चहा घेऊन उभा. मी अनवाणी, दोन्ही चपला छातीशी घट्ट धरलेल्या.

"झुरळ होतं का?"

"होतं." चपला टेबलावरच ठेवून मी कट्ट्यालगतचं स्वच्छतागृह खोडते आणि गिरणीमागं, गोदाक्काच्या वाटेवर काढते.

"मारलंत?"

"आज नाही," मी म्हणते आणि चपला पायात घालते.