नळीच्या तोंडाचं सोनं

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले आणि त्यांच्या रायफलीचा परवानाही त्यांच्याबरोबर संपला. तेरावा झाल्यावर ती पोलिसचौकीत जमा करायची होती. तिथे तिला कोण तेल घालणार? म्हणून आधी ती लष्कराच्या कँपातल्या मिस्त्रींकडून नीट करून घ्यावी असं मी ठरवलं आणि तशी परवानगीही काढली. पण पाऊल उचलेना. त्या दुकानात आमच्या घरचं कुणी गेल्याला बरीच वर्षं झाली होती.

रायफल आप्पांनी विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतली होती. आप्पा वकील. खासबागेतल्या घरात पक्षकारांची वर्दळ असे, पण कोर्टाला सुट्टी लागली की ते खानापूरकडच्या शेतावर जात. तिथे रानडुकरं भात उधळून टाकत. ओढ्याच्या अलीकडे बसून पलीकडच्या उतारावरचं डुक्कर आप्पा एका बारात लोळवत. पुढे पुढे बार चुकायला लागले. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती लांबवर सरळ जाते. आमच्या नळीतल्या खाचा झिजल्या होत्या.

आप्पांनी ती कँपात नेली तेव्हा मिस्त्रींनी नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, दात गेलेत हिचे. आता कणीक मऊ मळून उपेग न्हाय. नळीच बदलाय पायजे."

बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना असलेले ते आमच्या माहितीतले एकटेच. आप्पांशी त्यांचा स्नेह जुना. घरी आले की पडवीत बसून चहा घेत, शिकारीच्या थापा मारत आणि आप्पांच्या थापा ऐकून घेत. मी थोरली म्हणून घरात मला आक्का म्हणत. तेही आक्काच म्हणत.

नवी नळी विलायतेहून यायला पावसाळा उलटला. मिस्त्रींनी जुनी नळी लोखंडी पकडीत आवळून पिळून काढली, नवी तिच्या जागी आट्यांवर बसवली आणि काडतुसामागे केसभरही फट राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा काढून घासली. मग माळावर नेऊन आप्पांच्याच हातून बार काढवले. सगळे बार एका नारळाएवढ्या जागेत पडले. आप्पा लहान मुलासारखे हसत घरी आले. नळी अजून पांढरीच होती. ती काळी करून देतो म्हणून मिस्त्रींनी रायफल ठेवून घेतली आणि नवरात्र संपता संपता घरी आणून दिली. त्या दिवशी गडबडीत होते, चहाला थांबले नाहीत.

खंडेनवमीला आप्पांनी तिची थाटात पूजा केली. आमच्या घरी पूर्वी तलवार होती. दसऱ्याचं सोनं, म्हणजे आपट्याची पानं, तिच्या म्यानाच्या तोंडात खोचायची आणि दिवाळीपर्यंत ती देवापुढून हलवायची नाही, अशी चाल होती. तलवार गेली आणि तिचा मान रायफलीला मिळाला. जुन्या नळीच्या दिवसांत आप्पा नुसती पानं वाहत. त्या वर्षी नव्या नळीचं कौतुक. त्यांनी चाल पुरी पाळली.

दिवाळीनंतर ते शेतावर गेले आणि पहिलाच बार चुकला. दुसराही चुकला. तिसरी गोळी तर डुकराच्या बरीच डावीकडे दगडावर आपटली.  गावातला एक म्हातारा म्हणाला, "आप्पा, वारं लई सुटलंय व्हय?" वारा नव्हताच.

त्याच सुमारास निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी कामासाठी आप्पांकडे आले आणि बोलता बोलता आपल्या रायफलीची तारीफ करायला लागले. मिस्त्रींकडून दुरुस्त करून आणल्यापासून ती चुकतच नव्हती. "ओढ्यापल्याड डुक्कर उडवलं बघा," ते म्हणाले. आप्पांनी पानाचा डबा पुढे सरकवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कधी टाकली होती दुकानात?"

"नवरात्रात."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतताना आप्पा मला घेऊन थेट कँपात गेले. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती.

"मिस्त्री, आमची काळी करायला ठेवली होती तेव्हा दुकानात आणखी कुणाची रायफल होती?"

"निपाणीच्या शेटची हुती की. तसलीच, त्याच मापाची."

"तिला नवी नळी घातली?"

"न्हाय. निस्ती टोकावरची नेम धरायची माशी बदलली."

"माशी बदलून म्हातारी तरणी होते?"

गिऱ्हाइकं हसली. मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली. "नंबर बघा की साहेब. तुमच्या नळीवर मी सोता ठोकलाय."

"तेच म्हणतोय मी. ठोकणारा हात तुमचाच."

"म्या कोर्टात उभा हाय व्हय आता?"

"अजून नाही," आप्पा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं, मिस्त्रींनी आपली नवी नळी शेटच्या रायफलीला बसवली; सोमवारी परवाने देणाऱ्या साहेबाला भेटून तक्रार करणार. तक्रार म्हणजे काय, ते मला कळत होतं. एका वकिलाच्या शब्दावर मिस्त्रींचा परवाना गेला असता, आणि परवाना गेला की दुकान गेलं. आई म्हणाली, "इतक्या वर्षांचा माणूस तो. चोरी करायची असती तर आजवर काय कमी संधी होत्या?" आप्पा म्हणाले, "पकडला गेला नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं."

मीही संशय घ्यायला लागले होते. चहाला का थांबले नाहीत? जुनी नळी अजून परत का दिली नाही? इतकी तत्परता कशासाठी? एकदा डोळ्यांवर तो रंग चढला की माणसाचा चांगुलपणासुद्धा पुराव्यात जमा होतो.

रविवारी मी रायफल पुसायला घेतली. ते काम माझंच होतं. गजाला चिंधी लावून मागून आत सारली. नळीभर ती गुळगुळीत गेली आणि अगदी तोंडाशी येऊन अडकली. बोट फिरवलं तर आतली कड एका बाजूनं खरबरीत. आप्पांचं वाचायचं भिंग आणून पाहिलं. कडेला गंजाचे बारीक खड्डे पडले होते आणि एका खड्ड्यात तपकिरी, चिवट असं काही चिकटलेलं होतं. सुईनं काढलं. पानाचा देठ होता.

त्या दसऱ्यानंतर परतीचा पाऊस रेंगाळला होता. ओली पानं ठासून भरलेली नळी दिवाळीपर्यंत देवघरात उभी होती. नळी सोडताना गोळीला शेवटचा स्पर्श होतो तो त्या कडेचा. तिथेच एका बाजूला खड्डे असले की ती तिरपी जाणार.

मी भिंग आणि देठ आप्पांपुढे ठेवले. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं.

"आधीपासून असेल हे."

"आपट्याचा देठ, आप्पा? विलायतेहून?"

ते उठून देवघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच परत आले. सोमवारी ते साहेबाकडे गेले नाहीत. आम्ही कँपात गेलो. आप्पांनी रायफल फळीवर ठेवली, तोंडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सोनं खोचलं होतं. मीच." माफीचा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही. उलटतपासणीला त्यांना कधी शब्द कमी पडले नव्हते.

मिस्त्रींनी रायफल पकडीत आवळली. नळीचं खराब झालेलं टोक करवतीनं कापलं, नवी कड घासून घोटली. मग कापलेला तुकडा, बांगडीसारखा दिसणारा, त्यांनी आप्पांच्या हातावर ठेवला. "ह्यो तुमचा, साहेब. बघून घ्या. न्हायतर उद्या म्हणाल, मिस्त्रीनं ठेवून घेतला."

जुनी नळीही त्यांनी कोपऱ्यातून काढून टांग्यात ठेवून दिली.

रायफल पुन्हा सरळ मारायला लागली. पण आप्पा त्या दुकानात परत गेले नाहीत आणि मिस्त्री आमच्या पडवीत बसले नाहीत. आता संशय त्यांच्या मनात होता, की या घरानं आपल्याला चोर धरलं होतं, आणि तो खरा होता. लोखंडाची ती बांगडी आप्पांच्या देवघरात राहिली. दसऱ्याला ते तिच्यावर पान वाहत, रायफलीवर नाही.

अखेर मी गेले. मिस्त्री थकले होते. आप्पा गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी फक्त मान हलवली. मग बाजूचं स्टूल पुसून आपल्या हातासमोर ठेवलं.

"बसा बाई. तुमच्या डोळ्यादेखत उघडतो."

मी स्टूल उचललं, उंबऱ्याशी नेऊन ठेवलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या.  मग माझ्या पाठीमागे पकड आवळल्याचा आवाज आला.

काम होत आल्यावर ते म्हणाले, "आक्का, चहा सांगू का?"